राजांची नगरे आणि धम्मनगर : मिलिन्दपञ्हाचे एक वाचन

मिलिन्दपञ्ह हा पालि ग्रंथ आपल्याकडे बहुधा एका वाक्यात सांगितला जातो. मिनँडर नावाच्या ग्रीक राजाने भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारले, त्याचे समाधान झाले आणि तो धम्माला शरण गेला. हे वाक्य व्याख्यानांतून आणि स्मरणिकांतून इतके रुळले आहे की त्यात सगळा भर राजावर पडतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. राजा नमला म्हणून धम्माची थोरवी सिद्ध झाली, असा त्याचा नकळत अर्थ होतो. ग्रंथाची स्वतःची भूमिका अशी आहे काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी 'नगर' या एकाच सूत्राच्या आधाराने ग्रंथ वाचावयाचा आहे. मिलिंद ज्या राजपरंपरेतून आला ती परंपरा नगरांना स्वतःची नावे देणारी होती. ज्या ग्रंथाचा तो नायक झाला, तो ग्रंथ एका नगराच्या वर्णनाने सुरू होतो आणि त्याच्या उत्तर भागात दुसरेच एक नगर उभे राहते. या दोन नगरांमधील अंतर समजले म्हणजे ग्रंथाचा आशयही समजतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

नावे देणारे राजे

अलेक्झांडरने इ.स.पू. ३३१ मध्ये इजिप्तच्या किनाऱ्यावर स्वतःच्या नावाचे नगर वसविले. त्यानंतर इराण, बॅक्ट्रिया आणि सिंधूच्या खोऱ्यापर्यंत ज्या मार्गाने त्याचे सैन्य गेले, त्या मार्गावर त्याच्या नावाची नगरे उभी राहिली. प्लुटार्कने त्यांची संख्या सत्तराहून अधिक सांगितली आहे. आधुनिक अभ्यासकांनी ती बरीच खाली आणली आहे. झेलमच्या काठी इ.स.पू. ३२६ मध्ये त्याचा घोडा ब्युसेफॅलस मेला, तेव्हा त्या घोड्याच्याही नावाचे नगर वसविण्यात आले.

त्याच्या सेनापतींनी हीच रीत पुढे चालविली. सेल्युकसविषयी ॲपियन या इतिहासकाराने दिलेली यादी बोलकी आहे : पित्याच्या नावाची सोळा अँटिओक, आईच्या नावाची पाच लाओडिसिया, स्वतःच्या नावाची नऊ सेल्युसिया, आणि राण्यांच्या नावाची चार नगरे. टॉलेमी घराण्याने टॉलेमाइस, बेरेनिसी, आर्सिनोई ही नावे पसरविली. कॅसँडरने कॅसँड्रिया वसविली, लायसिमॅकसने लायसिमॅकिया आणि डेमिट्रियसने डेमिट्रियास. नकाशा म्हणजे राजघराण्याची वंशावळच झाली. ज्या भूमीवर ही नगरे वसविली तेथे पूर्वी कोण राहत होते आणि ते त्या जागेला काय म्हणत होते, याची दखल राजाज्ञेला घ्यावयाची नव्हती.

परंतु या नावांचे पुढे काय झाले, हेही पाहावयास हवे. अँटिगोनसने सीरियात स्वतःच्या नावाचे अँटिगोनिया वसविले. इ.स.पू. ३०१ मध्ये इप्ससच्या रणांगणावर तो पडला. त्यानंतर सेल्युकसने ते नगर मोडून तेथील रहिवासी आपल्या नव्या अँटिओकमध्ये नेले. दुसऱ्या टॉलेमीने अम्मोन लोकांच्या राजधानीला फिलाडेल्फिया हे नाव दिले. आज ते नगर अम्मान या आपल्या जुन्या नावानेच ओळखले जाते. टॉलेमाइस पुन्हा अक्को झाले. सत्तेने लादलेले नाव शतकानुशतके राजदरबारी वापरात राहिले, तरी लोकांच्या तोंडी जुने नाव जिवंत होते. ऑक्सस नदीच्या काठी उत्तर अफगाणिस्तानात ज्या भव्य ग्रीक नगराचे उत्खनन १९६४ ते १९७८ या काळात फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी केले, ते आज आय खानुम या स्थानिक नावाने ओळखले जाते. त्याचे प्राचीन नाव कोणते, यावर विद्वानांचे अद्याप एकमत नाही. राजवाडा, नाट्यगृह, व्यायामशाळा सर्व सापडले. त्याचे नाव मात्र निश्चित करता आले नाही.

प्रियदर्शीचा अपवाद

याच राजांची नावे सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात येतात : अंतियोक, तुरमाय, अंतिकिनि, मक आणि अलिकसुंदर. म्हणजे नगरांना नावे देणाऱ्या घराण्यांची अशोकाला चांगली माहिती होती. त्यांच्या राज्यांत आपण धम्मविजय मिळविला, असे तो सांगतो. परंतु कलिंगाच्या युद्धातील प्राणहानी ज्या लेखात त्याने कबूल केली, तोच हा लेख आहे, हे विसरता येत नाही. जेत्याने आपल्या विजयाची खंत दगडावर कोरावी, ही गोष्ट त्या पाच राजांपैकी कोणालाही सुचली नव्हती.

अशोकाच्या बहुसंख्य लेखांत 'देवानंपिय पियदसि' हीच संज्ञा आहे. 'असोक' हे त्याचे व्यक्तिनाम मास्की, गुजर्रा यांसारख्या मोजक्याच ठिकाणी आढळते. मास्कीचा लेख १९१५ मध्ये सापडेपर्यंत पियदसि म्हणजेच अशोक, याला शिलालेखाचा प्रत्यक्ष आधार नव्हता. कंदाहार हे अलेक्झांडरच्या नावाच्या नगरांपैकी एक मानले जाते. तेथे १९५८ मध्ये अशोकाचा ग्रीक आणि अरमाइक अशा दोन भाषांतील लेख मिळाला. ग्रीक पाठात 'धम्म' या शब्दासाठी 'युसेबिया' हा शब्द योजला आहे, आणि राजाच्या शिकाऱ्यांनी व कोळ्यांनी प्राणिहत्या सोडली, असे सांगितले आहे. अलेक्झांडरने आपले नाव दिलेल्या नगरात अशोकाने तेथील लोकांच्या भाषेत आचरणाची गोष्ट लिहून ठेवली. नगराचे नाव त्याने बदलले नाही.

सागल की युथिडेमिया?

आता मिलिंदाकडे वळू. मिनँडर इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या मध्यास राज्य करीत होता. त्याची नाणी विपुल मिळतात. त्यांच्या एका बाजूस ग्रीक आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीत प्राकृत लेख असून त्यात तो स्वतःला 'त्राता' म्हणवितो. त्याची राजधानी सागल, म्हणजे आजच्या पाकिस्तानातील सियालकोट, असे सामान्यतः मानले जाते.

या सागलविषयी एक वाद अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. इ.स.च्या दुसऱ्या शतकातील भूगोलवेत्ता टॉलेमी सागलचे दुसरे नाव 'युथिमेडिया' असे देतो. अठराव्या शतकात बायर या विद्वानाने ते 'युथिडेमिया' असे दुरुस्त करून वाचले आणि बॅक्ट्रियाचा राजा युथिडेमस याच्याशी त्याचा संबंध जोडला. डब्ल्यू. डब्ल्यू. टार्न यांनी १९३८ मधील आपल्या ग्रंथात या दुरुस्तीवर मोठी इमारत उभारली. डेमिट्रियसने आपल्या पित्याचे नाव सागलला दिले, असे त्यांनी मांडले. मिलिन्दपञ्हाच्या पहिल्या भागामागे ग्रीक परंपरेतील संवाद असला पाहिजे, असेही त्यांनी सुचविले. गोंडा यांनी १९४९ मध्ये या दुसऱ्या मताचे खंडन केले. ए. के. नारायण यांनी १९५७ मध्ये इंडो-ग्रीकांचा इतिहास हा भारतीय इतिहासाचाच भाग म्हणून पाहिला पाहिजे, असे प्रतिपादन केले.

टार्न यांच्या विद्वत्तेविषयी शंका नाही. तथापि त्यांच्या पद्धतीतील दोष स्पष्ट आहे. एका अक्षरदुरुस्तीवर नगराचा संपूर्ण इतिहास ठरवावयाचा, आणि ज्या ग्रंथात त्या नगराचे सविस्तर वर्णन आहे त्या ग्रंथाला मात्र विचारावयाचे नाही, असा हा प्रकार होतो. मिलिन्दपञ्हाला 'युथिडेमिया' हे नाव ठाऊक नाही. ग्रंथाच्या आरंभी सागलचे तट, बुरूज, खंदक आणि चौक वर्णिले आहेत. काशी आणि कोटुंबर येथील वस्त्रांची दुकाने आहेत. सर्व पंथांच्या श्रमणांचे आणि ब्राह्मणांचे तेथे स्वागत होते. हे नगर कोणत्या राजाने वसविले, किंवा त्याला कोणाचे नाव होते, हे सांगण्याची गरज ग्रंथकाराला वाटलेली नाही. ग्रीक राजाने नाव दिले असलेच, तर तेथे राहणाऱ्यांनी ते टिकविले नाही.

अलेक्झांडरच्या नावाचेही असेच झाले आहे. आपला जन्म 'अलसन्द' द्वीपात, कलसी गावात झाला, असे मिलिंद सांगतो. अलसन्द म्हणजे अलेक्झांड्रिया. ते इजिप्तचे की हिंदुकुशाच्या पायथ्याचे, हा वाद निराळा. प्रसंग मात्र पाहण्यासारखा आहे. ब्रह्मलोक इतका दूर असता तेथे क्षणात कसे पोहोचता येईल, असा प्रश्न राजाने केला. तेव्हा भदन्तांनी त्याला जन्मभूमी विचारली. ती येथून दोनशे योजने दूर आहे, असे तो म्हणाला. तेथे केलेले एखादे काम आठवते काय, असे भदन्तांनी विचारले; राजाने आठवून पाहिले. मनाने तू क्षणात दोनशे योजने गेलास, हे भदन्तांनी त्याच्या लक्षात आणून दिले. जगज्जेत्याच्या नावाचे नगर येथे मनाच्या वेगाचे एक उदाहरण म्हणून आले आहे. अन्यत्र अलसन्द हे जहाजांनी व्यापारास जाण्याच्या बंदरांच्या यादीत येते. अलेक्झांडरविषयी ग्रंथात अवाक्षर नाही.

मिलिंदाच्या सेवकांची नावे देवमन्तिय आणि अनन्तकाय अशी आहेत. डेमिट्रियस आणि अँटिओकस यांचीच ही पालि रूपे असावीत, असे अभ्यासक मानतात. भूमध्य समुद्राकाठी जी नावे नगरांच्या वेशींवर होती, ती येथे निरोप घेऊन जाणाऱ्या माणसांची आहेत. वाटेत हा अनन्तकायच भदन्तांना विचारतो की नागसेन म्हणजे नेमके कोण? आत येणारा-जाणारा श्वास म्हणजे नागसेन, असे त्याला वाटते. शंख फुंकणाऱ्याचा श्वास परत आत येतो काय, या एका प्रतिप्रश्नाने त्याचा भ्रम दूर होतो आणि तो उपासक होतो. राजाच्या आधी त्याचा सेवक धम्म समजून घेतो, ही ग्रंथातील मांडणी आपल्या एका वाक्याच्या सारांशात कधी येत नाही.

नाव हाच पहिला प्रश्न

राजा आणि भदन्त यांच्या संवादाची सुरुवातही नावापासून होते. आपणास काय म्हणतात, असे राजा विचारतो. नागसेन म्हणतात, परंतु ही केवळ संज्ञा आहे, व्यवहारापुरता शब्द आहे, त्यामागे स्वतंत्र पुद्गल आढळत नाही, असे भदन्त उत्तर देतात. मग रथाची सुप्रसिद्ध उपमा येते. चाके, आस, जू यांच्या एकत्र येण्याला 'रथ' म्हणतात. त्यांच्याहून वेगळा रथ नाही.

हा अनात्मवादाचा पाठ आहे, हे आपण जाणतोच. पण तो कोणाला दिला जात आहे, हेही लक्षात घ्यावयास हवे. ज्याच्या पूर्वसूरींनी नाव म्हणजे सत्ता आणि नाव म्हणजे अमरत्व मानले, त्या परंपरेतील राजाला नाव हा नुसता संकेत आहे, हे पहिल्याच भेटीत ऐकावे लागते. त्यानंतर लगेच भदन्त संवादाची अट घालतात. पंडितांप्रमाणे बोलणार असशील तर बोलेन, राजाप्रमाणे बोलणार असशील तर नाही. पंडित चूक दाखविल्यावर रागावत नाहीत; राजे मात्र असहमत होणाऱ्याला दंड करतात. मिलिंदाने ही अट मान्य केली. प्रस्तुत लेखकाच्या मते मिलिंदाचे खरे मोठेपण या मान्यतेत आहे. ग्रंथाच्या शेवटी पुत्राकडे राज्य सोपवून तो प्रव्रजित झाला आणि अर्हत्पदाला पोहोचला, असे सांगितले आहे. प्लुटार्क मात्र तो छावणीत मरण पावला आणि त्याच्या रक्षेसाठी नगरांमध्ये वाद होऊन ती वाटून घेण्यात आली, असे सांगतो. या दोन वृत्तांतांत इतिहासाने कोणता स्वीकारावा, याचा निर्णय कसाही लागो. राजदंड बाजूस ठेवून प्रश्न विचारण्याची जी रीत ग्रंथाने मांडली, तिचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

अनुमानपञ्हातील नगर

आता दुसऱ्या नगराकडे येऊ. अनुमानपञ्हात राजा विचारतो : आपण बुद्धांना पाहिले काय? नाही. आपल्या आचार्यांनी? नाही. मग बुद्ध झालेच नाहीत! भदन्त उलट विचारतात : तुझ्या वंशाचे आद्य क्षत्रिय तू पाहिलेस काय? त्यानेही पाहिलेले नसते. छत्र, मुकुट, खड्ग या त्यांच्या वापरातील वस्तूंवरून ते होऊन गेल्याचे कळते, असे तो म्हणतो. त्याचप्रमाणे तथागतांनी वापरलेल्या आणि मागे ठेवलेल्या गोष्टींवरून, म्हणजे स्मृतिप्रस्थानादी बोधिपक्षीय धम्मांवरून, तथागत जाणावेत.

या ठिकाणी नगर बांधणाऱ्या कुशल स्थपतीची उपमा येते. तो जागा निवडतो, ती सपाट करतो, रस्ते आखतो, नगर उभे करतो आणि काम संपल्यावर दुसऱ्या देशी निघून जातो. पुढे नगर समृद्ध होते. येणारे लोक ते पाहून म्हणतात की हे बांधणारा कुशल असला पाहिजे. वेशीवर त्याचे नाव नाही. नगराची रचना हीच त्याची ओळख आहे. सेल्युकस आणि टॉलेमी यांच्या रीतीच्या नेमके उलट टोक ते हेच होय.

हे लोक कोण, याची ग्रंथाने दिलेली यादी आपल्या वाचकांनी अवश्य पाहावी. क्षत्रिय, ब्राह्मण, वैश्य, शूद्र यांच्यावर ती थांबत नाही. न्हावी, लोहार, कुंभार, चांभार, विणकर, दोर वळणारे, लाकडे वाहणारे, मजूर, मासे विकणारे, प्रेते जाळणारे, निर्माल्य उचलणारे, वेन, निषाद, गणिका, पाणी भरणाऱ्या दासी या सर्वांची नावे तिच्यात आहेत. त्यांच्यासोबत शक, यवन, चीन, उज्जैन, भरुकच्छ, अपरान्त आणि अलसन्द येथील लोक येतात. स्थपतीच्या कौशल्याचा निर्वाळा हे सर्व जण देतात. प्रेते जाळणाऱ्याचे अनुमान आणि क्षत्रियाचे अनुमान यांत ग्रंथ भेद करीत नाही.

तथागतांचे धम्मनगर याच रीतीने वर्णिले आहे. शील हा त्याचा तट, लज्जा हा खंदक, श्रद्धा हा वेशीचा स्तंभ, स्मृती हा द्वारपाल, प्रज्ञा हा प्रासाद, विनय ही न्यायसभा आणि स्मृतिप्रस्थान हा राजमार्ग. त्या मार्गावर फुलांची, सुगंधांची, फळांची, विषहारक औषधांची, अमृताची आणि रत्नांची दुकाने आहेत. मूल्य म्हणून तेथे कर्म चालते.

ग्रंथाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हा भाग प्राचीन चिनी भाषांतरात नाही. तेथे केवळ पहिल्या तीन विभागांतील मजकूर आढळतो. म्हणून धम्मनगर ही उत्तरकालीन भर मानावी लागते. शिवाय माणसामाणसांतील विषमता पूर्वकर्मामुळे असते, असे उत्तर तिसऱ्या विभागात भदन्त देतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पूर्वजन्मीच्या कर्माच्या या कल्पनेची कठोर तपासणी करून ती नाकारली आहे. धम्मनगराची उपमा स्वीकारताना हे उत्तर डोळे मिटून स्वीकारता येणार नाही. बौद्ध राजेही नावाच्या मोहातून सुटले नव्हते. काश्मीरमध्ये कनिष्काच्या नावाचे कनिष्कपुर होते, हे राजतरंगिणीवरून कळते.

दातामितीचा योणक

या चर्चेला महाराष्ट्रात कोरीव पुरावा आहे. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातील लेणे क्र. १७ मधील लेखात दाता म्हणून इंद्राग्निदत्त याचे नाव आहे. तो धम्मदेवाचा पुत्र, उत्तरेकडील, योणक आणि 'दातामिति' येथील रहिवासी होता. दातामिति, म्हणजे दत्तामित्री, हे डेमिट्रियसच्या नावाचे नगर असावे, असे बहुसंख्य अभ्यासकांचे मत आहे. या यवनाने आईवडिलांप्रीत्यर्थ लेणे, चैत्य आणि पाण्याची टाकी खोदविली आणि पुत्र धम्मरक्षित याच्यासह, सर्व बुद्धांच्या पूजेसाठी, ती चारी दिशांच्या भिक्खुसंघाला दिली.

राजाचे नाव घेतलेल्या नगरातून निघालेला हा माणूस आपल्या दानाला कोणाचेही नाव देत नाही. त्याच्या पित्याच्या आणि पुत्राच्या नावात धम्म हा शब्द आला आहे. डेमिट्रियसच्या नगराची जागा आज विद्वानांना वाद घालून शोधावी लागते. इंद्राग्निदत्ताने दिलेल्या लेण्यात मात्र आजही कोणालाही जाता येते.

नाव कोणाचे, कोणी दिलेले?

ग्रंथाच्या समारोपात मिलिंद 'मिलिंदविहार' बांधून भदन्तांना अर्पण करतो. राजाचे नाव शेवटी वास्तूला लागलेच, असे कोणी म्हणेल. पण फरक आहे. नगराला नाव देताना राजा मालकी सांगतो. विहाराला नाव देताना तो मालकी सोडतो, कारण वास्तू त्याने संघाच्या हाती दिलेली असते.

१९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय तेव्हाच्या औरंगाबादेत सुरू झाले. त्याला मिलिंदाचे आणि परिसराला नागसेनवन हे नाव मिळाले. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघेही तेथे एकत्र आहेत. त्याच शहरातील विद्यापीठाच्या नावासाठी २७ जुलै १९७८ च्या ठरावानंतर मराठवाड्यातील दलित वस्त्यांनी काय सोसले, आणि १४ जानेवारी १९९४ चा दिवस उगवेपर्यंत किती वाट पाहावी लागली, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. नाव हा केवळ संकेत असेल, तर त्यासाठी एवढा त्याग कशाला, असा प्रश्न त्या काळी उपहासाने विचारला जाई. त्याला मिलिन्दपञ्हाच्या आधारे उत्तर देता येते. संकेत व्यवहारासाठी असतो, आणि ज्यांना व्यवहारातूनच वगळले गेले होते त्यांनी त्या व्यवहारात आपला हिस्सा मागितला. सेल्युकसने सोळा नगरांवर पित्याचे नाव घातले, तेव्हा तेथील रहिवाशांना कोणी विचारले नव्हते. येथे नावाची मागणी रहिवाशांनी केली, आणि ज्यांचे नाव मागितले त्यांनी कोणतेही राज्य जिंकलेले नव्हते. या विद्यानगरीची रचना पाहून लोकांनी तिचा स्थपती ओळखला होता.

तथापि अनुमानपञ्हाची कसोटी आपल्यालाही लागू आहे. नाव मिळाल्यानंतर नगराची रचना कशी आहे, त्याच्या वाटा कोणाला खुल्या आहेत, तेथे पंडितांप्रमाणे बोलता येते की राजांप्रमाणे, हे येणारा प्रत्येक जण पाहणार आहे. मिलिंदाचा अभ्यास आपण राजाच्या शरणागतीपाशी न थांबविता त्याच्या प्रश्नांपर्यंत नेला, तर ही कसोटी आपल्या संस्थांना आणि विहारांना लावण्याचे बळ त्याच ग्रंथातून मिळेल.